चौरस करून दाखवा!

पुण्यात कुठल्याही साइटवर फ्लॅट बघायला जा, सेल्सवाला पहिलं वाक्य हेच टाकतो, "सहाशे ऐंशी कार्पेट बसतोय सर." सहाशे ऐंशी काय? तर स्क्वेअर फूट. हॉल लांबुळका, बाल्कनी तिरकी, किचनचा एक कोपरा आत घुसलेला, पण या सगळ्या वेड्यावाकड्या भानगडीचं सार तो एक फूट बाजूच्या सहाशे ऐंशी चौरसांत सांगून मोकळा होतो. गावाकडे काका गुंठ्यात बोलतात. आता तो गुंठा तरी काय, १०८९ चौरस फूट, म्हणजे बरोबर ३३ फूट बाजूचा चौरस. जमीन नदीच्या वळणाला लागून असो नाहीतर डोंगराच्या उतारावर, हिशोब शेवटी चौरसांतच.

हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की "चौरसच का?" हा प्रश्नच पडत नाही. त्रिकोणात का नाही मोजत? वर्तुळात का नाही? आजचा लेख या प्रश्नाबद्दल आहे, आणि त्यातून जन्मलेल्या एका शब्दाबद्दल: क्वाड्रेचर.

तुमच्यापैकी जे पायथनमध्ये थोडीफार आकडेमोड करतात त्यांनी हा शब्द अर्धवट पाहिलेला असणार. सायपायमध्ये एखाद्या फंक्शनचं इंटिग्रेशन करायचं असेल तर जे फंक्शन हाक मारल्यावर धावून येतं त्याचं नाव "इंटिग्रेट" नाही, "क्वाड" आहे. दोन चलांचं हवं असेल तर "डबल-क्वाड", तिनाचं हवं तर "ट्रिपल-क्वाड". मॅटलॅबमध्येही वर्षानुवर्षं "क्वाड"च होतं, "इंटिग्रल" नावाचं फंक्शन २०१२ मध्ये आलं. क्वाड म्हटल्यावर आपल्याला क्वाड्रॅटिक इक्वेशन आठवतं, क्वाड्रिलॅटरल आठवतं, आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना क्वाड्रेचर अँप्लिट्यूड मॉड्युलेशन आठवतं, जिथे क्वाड्रेचर म्हणजे दोन सिग्नलमधला ९० अंशांचा फरक. ही सगळी एकाच लॅटिन घराण्यातली भावंडं, मूळ पुरुष "चार". पण इंटिग्रेशनचा चाराशी काय संबंध?

संबंध असा की लॅटिनमध्ये "क्वाड्रातुरा" म्हणजे चौरस करणं. दिलेल्या आकृतीएवढंच क्षेत्रफळ असलेला चौरस काढून दाखवणं. ग्रीक लोक यालाच "तेत्रागोनिस्मोस" म्हणायचे. अर्थ तोच, चौकोनवणं.

आता इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, नाहीतर पुढचं सगळं उगाच वाटेल. आपल्यासाठी क्षेत्रफळ ही एक संख्या आहे. ग्रीक भूमितीत ती संख्या नव्हती. युक्लिडच्या "एलिमेंट्स"मध्ये लांबी गुणिले रुंदी असं सूत्र तुम्हाला सापडणार नाही. त्याच्याकडे आकृती असते आणि दुसरी आकृती असते, आणि प्रश्न असतो की या दोन सारख्या आहेत का. "या त्रिकोणाचं क्षेत्रफळ किती?" याचं उत्तर "अमुक इतकं" असं नसून "हे बघ, या चौरसाएवढं" असं असतं. आणि तो चौरस पट्टी आणि कंपास वापरून समोर काढून दाखवायचा. पट्टी म्हणजे खुणा नसलेली, नुसती सरळ रेघ मारण्यापुरती.

चौरसच का, तर चौरस ही सगळ्यात कमी बोलणारी आकृती आहे. एक बाजू सांगितली की सगळं सांगून झालं. दोन आकृत्यांचे दोन चौरस करा, बाजूला बाजू लावा, कोण मोठं ते लहान पोरगंही सांगेल. आपल्या भाषेत सांगायचं तर चौरस हा त्यांचा स्टँडर्ड फॉरमॅट होता. कुठलाही डेटा आधी त्यात आणायचा, मग तुलना.

सरळ रेघांच्या आकृत्यांना हे जमतं, सगळ्यांना जमतं. आकृतीचे त्रिकोण पाडायचे, प्रत्येक त्रिकोणाचा आयत करायचा, आयत एकमेकांना जोडून एक आयत करायचा. आणि आयताचा चौरस? "एलिमेंट्स"च्या दुसऱ्या भागाचं चौदावं, म्हणजे शेवटचं प्रमेय हेच आहे. समजा आयत ९ बाय ४ चा आहे. एका रेघेवर ९ आणि त्याला लागून ४ घ्या, एकूण १३. या १३ ला व्यास धरून अर्धवर्तुळ काढा. जिथे ९ संपून ४ सुरू होतात तिथून सरळ वर काटकोनात रेघ काढा, ती अर्धवर्तुळाला जिथे टेकेल तेवढी चौरसाची बाजू. मोजून बघा, ६ येईल. छत्तीसाला छत्तीस. हे कागदावर एकदा करून बघाच, दोन मिनिटं लागतात.

आपल्याकडे बौधायन शुल्बसूत्रातही (इ.स.पू. ८०० ते ५०० च्या दरम्यानचं धरतात) आयताचा चौरस करण्याची रीत आहे, तीही अचूक, फक्त कंपासऐवजी दोरी. तिथला उद्देश अगदी व्यावहारिक होता. यज्ञात गार्हपत्य अग्नीची वेदी गोल, आहवनीयाची चौरस आणि दक्षिणाग्नीची अर्धवर्तुळाकार, पण तिघांचं क्षेत्रफळ सारखं असायला हवं. म्हणजे चौरसाचं वर्तुळ करणं आलंच! बौधायनाची त्यासाठीची रीत वापरली तर वर्तुळ चौरसापेक्षा १.७ टक्क्यांच्या आसपास मोठं येतं. विटा रचायच्या असतील तर एवढी चूक चालून जाते.

ग्रीकांना चालत नव्हती. आणि इथून खरी गंमत सुरू होते.

सरळ रेघांच्या आकृत्या झाल्या, पण कडा वाकडी असेल तर? खिओस बेटावरचा हिप्पोक्रेटिस (वैद्यकवाला हिप्पोक्रेटिस वेगळा, तो कोसचा) हा इ.स.पू. पाचव्या शतकातला माणूस. धंद्याने व्यापारी. ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलंय की हा भूमितीत हुशार पण व्यवहारात अगदीच भोळा होता, बायझँटियमच्या जकातवाल्यांनी त्याला लुबाडलं. तर या भोळ्या माणसाने वाकड्या कडांची आकृती पहिल्यांदा चौरसात बसवून दाखवली. आकृती कोणती, तर चंद्रकोर.

अर्धवर्तुळ घ्या. त्यात व्यासावर उभा असलेला, दोन बाजू सारख्या असलेला काटकोन त्रिकोण बसवा. आता त्या त्रिकोणाच्या एका छोट्या बाजूवर, बाहेरच्या दिशेने, आणखी एक लहान अर्धवर्तुळ काढा. लहान अर्धवर्तुळाची कड आणि मोठ्याची कड यांच्यामध्ये एक कोर उरते. पायथागोरसमुळे लहान अर्धवर्तुळ हे मोठ्याच्या बरोबर निम्मं, म्हणजे मोठ्या वर्तुळाच्या पाव भागाएवढं. आता या पाव भागात आणि लहान अर्धवर्तुळात एक तुकडा सामाईक आहे, त्रिकोणाची छोटी बाजू आणि मोठी कमान यांच्यामधली पातळ फोड. दोघांतूनही तो काढून टाका. इकडे उरली कोर, तिकडे उरला अर्धा त्रिकोण. कोर = अर्धा त्रिकोण. संपलं!

पाय कुठे गेला? गायब. दोन्हीकडून खोडला गेला. दोन्ही बाजूंनी गोल असलेली आकृती, आणि उत्तरात गोलपणाचा मागमूस नाही.

या एका निकालाने पुढची दोन हजारांहून जास्त वर्षं माणसांना वेड लावलं असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही. कारण कोर जमली तर आख्खं वर्तुळ का नाही जमणार? इ.स.पू. ४१४ मध्ये अथेन्सच्या रंगभूमीवर आलेल्या ॲरिस्टोफेनीसच्या "पक्षी" या विनोदी नाटकात वर्तुळ चौकोनी करायला निघालेल्या माणसाची टिंगल आहे. म्हणजे प्रेक्षकांतल्या सामान्य माणसाला हा विनोद कळत होता. हिप्पोक्रेटिसने अशा तीन जातींच्या कोरी शोधल्या, पुढे अठराव्या शतकात आणखी दोन मिळाल्या, आणि पाचच आहेत, सहावी शक्य नाही, हे चेबोतार्योव आणि दोरोदनोव या रशियन गणितज्ञांनी १९३४ आणि १९४७ मध्ये मिळून सिद्ध केलं.

आता आर्किमिडीज. याच्याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

त्याच्या एका ग्रंथाचं नावच आज "पॅराबोलाचं क्वाड्रेचर" असं आहे. इ.स.पू. तिसऱ्या शतकातला, डोसिथिअस नावाच्या माणसाला लिहिलेल्या पत्राच्या रूपातला, चोवीस प्रमेयांचा. प्रश्न: पॅराबोलाला एका सरळ रेघेने छेदलं, तर मधल्या तुकड्याचं क्षेत्रफळ कशाएवढं? त्याने काय केलं, त्या तुकड्यात एक त्रिकोण बसवला, पाया म्हणजे ती छेदणारी रेघ आणि शिखर म्हणजे पॅराबोलावरचा त्या रेघेपासून सगळ्यात लांबचा बिंदू. दोन्ही बाजूंना दोन फोडी उरल्या. त्यांत तसेच दोन त्रिकोण. आर्किमिडीज दाखवतो की यातला प्रत्येक नवा त्रिकोण आधीच्याच्या एक अष्टमांश असतो, म्हणजे दोन मिळून पाव. पुढच्या चार फोडींत चार त्रिकोण, ते मिळून पावाचा पाव. असं चालत राहतं. पहिला त्रिकोण १ धरला तर १ अधिक १/४ अधिक १/१६ अधिक १/६४...

आपण लगेच म्हणणार, जॉमेट्रिक सिरीज, इन्फिनिटीपर्यंत बेरीज ४/३, पुढचं बोला. आर्किमिडीज तसं म्हणत नाही. तो अनंत बेरीज करतच नाही. तो म्हणतो, तुम्ही कुठेही थांबा, आणि शेवटच्या पदाचा एक तृतीयांश त्यात मिळवा, उत्तर दर वेळी बरोबर ४/३. मग तो विचारतो, क्षेत्रफळ ४/३ पेक्षा जास्त असेल का? असेल असं धरा, विसंगती येते. कमी असेल का? तिथेही विसंगती. मग उरलं काय? हे वाचताना मला एखाद्या काटेकोर माणसाचा कोड रिव्ह्यू आठवतो, "साधारण बरोबर वाटतंय" हा शेरा त्याच्याकडे नाहीच. तुम्हाला आपल्या पद्धतीने पडताळायचं असेल तर १ वजा क्ष-वर्ग हे फंक्शन उणे १ ते १ इंटिग्रेट करा. आतल्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ १, इंटिग्रलचं उत्तर ४/३.

पण हा ४/३ त्याला आधी सुचला कसा? अशी सिद्धता लिहायची तर उत्तर आधीच माहीत असावं लागतं. सतराव्या शतकातल्या गणितज्ञांना हे कोडं होतं. उत्तर मिळालं १९०६ मध्ये. कॉन्स्टँटिनोपलमध्ये हाइबर्ग नावाच्या डॅनिश विद्वानाने एक प्रार्थनापुस्तक तपासलं. तेराव्या शतकात कुणीतरी जुनी चर्मपत्रं खरवडून, त्यांवरची अक्षरं पुसून, आडव्या बाजूने प्रार्थना लिहिल्या होत्या, आणि त्या पुसलेल्या अक्षरांत होती आर्किमिडीजने एराटोस्थेनीसला लिहिलेली "पद्धत". त्यात तो सरळ सांगतो की मी तुकड्याच्या पातळ काप-रेघा कल्पनेत तराजूच्या काट्यावर टांगल्या, त्रिकोणाच्या रेघांशी तोलून पाहिल्या, आणि उत्तर तिथून मिळालं. हे म्हणजे सिद्धता नव्हे हेही तोच बजावतो. तराजूवर क्षेत्रफळ तोलणारा माणूस! ते पुस्तक पुढे १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात वीस लाख डॉलरला गेलं. सतराव्या शतकातल्या लोकांना हे हाती लागलं असतं तर काय झालं असतं याच्या कल्पना करण्यात एक रविवार आरामात जातो.

असो. पुढची अठराशे वर्षं गाळतो. (पूर्ण गाळणं बरोबर नाही, माधवाकडे नंतर येऊ.)

सतराव्या शतकात युरोपात क्वाड्रेचरची अक्षरशः साथ आली. काव्हालिएरीने १६३५ मध्ये आकृत्या असंख्य रेघांच्या बनल्यात असं धरून हिशोब मांडले. फर्माने क्ष चा कुठलाही घात घ्या, मी त्याखालचं क्षेत्रफळ काढून देतो, अशी रीत बसवली. सारख्या रुंदीच्या पट्ट्या न घेता भूमितीश्रेढीने रुंदावत जाणाऱ्या पट्ट्या घ्यायच्या, ही त्याची युक्ती. सगळ्या घातांना चालली, फक्त एकाला नाही: उणे १. म्हणजे य = १/क्ष, आपला हायपरबोला. तिथे सगळ्या पट्ट्या सारख्याच क्षेत्रफळाच्या येतात आणि बेरीज हाताला लागत नाही. बारावीत "घात एकाने वाढवा आणि त्याने भागा" शिकल्यावर "उणे एक सोडून" असं जे शेपूट लावलेलं असतं ना, ते हेच.

हे शेपूट सोडवलं एका जेस्युइट पाद्र्याने. ग्रेगॉर द सां-व्हँसां. तीस वर्षांच्या युद्धात १६३१ साली प्रागवर सॅक्सन फौजा आल्या तेव्हा त्याला घाईने पळावं लागलं, सगळे कागद मागे राहिले. एका सहकाऱ्याने ते वाचवले, पण त्याच्या हातात पडायला दहाएक वर्षं गेली. शेवटी १६४७ मध्ये त्याने बाराशेहून जास्त पानांचा ठोकळा छापला. विषय: वर्तुळाचं क्वाड्रेचर. मुखपृष्ठावर चित्र असं की सूर्याचे किरण एका चौकोनी चौकटीतून येतायत आणि जमिनीवर पडलेला प्रकाश गोल आहे. आयुष्यभराची कमाई! चार वर्षांत ह्यूजेन्सने (वय २२) दाखवून दिलं की वर्तुळाची सिद्धता चुकली आहे.

पण त्याच ठोकळ्यात एक गोष्ट पडून होती जिच्याकडे ग्रेगॉरचं स्वतःचं फारसं लक्ष नव्हतं. १/क्ष च्या खालचं १ ते २ मधलं क्षेत्रफळ, २ ते ४ मधलं, ४ ते ८ मधलं, सगळी सारखी. कारण सोपं आहे, रुंदी दुप्पट झाली की उंची निम्मी होते. म्हणजे खाली गुणाकार होतोय आणि वर क्षेत्रफळात बेरीज होतेय. ओळखलंत? १६४९ मध्ये त्याच्या सरासा नावाच्या शिष्याने ओळखलं: हे तर लॉगॅरिदम! दर्यावर्दी आणि खगोलवाले ज्या कोष्टकांच्या आधारे गुणाकार टाळत होते ती कोष्टकं हायपरबोलाच्या पोटात होती. वर्तुळ चौकोनी करायला निघालेल्या माणसाच्या पुस्तकातून जगाला नॅचरल लॉग मिळाला. मला ग्रेगॉरबद्दल वाईट वाटतं. त्याची चूक त्याच्या नावावर राहिली आणि त्याचा खरा शोध आपण लॉगचं बटण दाबताना कुणाच्याच नावाने आठवत नाही.

दुसरीकडे इंग्लंडमध्ये तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जने १६५५ मध्ये आपणही वर्तुळ चौरस केल्याचं जाहीर केलं आणि ऑक्सफर्डच्या जॉन वॉलिसने त्याची सालं काढली. हॉब्जने उत्तर दिलं, वॉलिसने प्रत्युत्तर दिलं, आणि हे भांडण हॉब्ज १६७९ मध्ये वारला तेव्हाच थांबलं. आजच्या फ्लेम वॉरवाल्यांनी आदर्श ठेवावा.

आता न्यूटन आणि लायबनिट्झ. यांनी काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे, पण क्वाड्रेचर या शब्दाच्या बाजूने बघितलं तर ते वेगळं दिसतं. त्यांच्या आधी प्रत्येक वक्राचं क्षेत्रफळ ही वेगळी लढाई होती, वेगळी युक्ती. या दोघांनी सर्वसाधारण रीत केली: क्षेत्रफळ ज्या दराने वाढतं तो दर म्हणजे त्या ठिकाणची वक्राची उंची. म्हणून ज्याचा दर हे फंक्शन आहे असं काहीतरी शोधा, की क्षेत्रफळ मिळालं. (बॅरो आणि जेम्स ग्रेगरी यांच्या पुस्तकांत हा संबंध आधी आलेला आहे, पण भूमितीच्या वेषात.) न्यूटन मात्र शब्द जुनाच वापरत राहिला. १७०४ मध्ये "ऑप्टिक्स"ला जोडून छापलेल्या त्याच्या निबंधाचं नाव "वक्रांच्या क्वाड्रेचरबद्दल". "प्रिन्सिपिया"त कुठलंही केंद्रगामी बल दिलं तर ग्रहाचा मार्ग काढून देतो म्हणतो तेव्हाही अट घालतो, वक्रांची क्वाड्रेचर्स जमतात असं गृहीत धरून. क्षेत्रफळासाठी खूण म्हणून तो कधीकधी चक्क एक छोटा चौकोन काढायचा. लायबनिट्झने २९ ऑक्टोबर १६७५ च्या टिपणात पहिल्यांदा तो लांबुडका एस लिहिला, "सुम्मा" म्हणजे बेरीज यातला एस. चौकोनाविरुद्ध एस. कोण जिंकलं ते आपण बघतोच. "इंटिग्रल" हा शब्द छापून आला १६९० मध्ये, याकोब बर्नुलीच्या लेखात.

लायबनिट्झने वर्तुळाचं "अंकगणिती क्वाड्रेचर" म्हणून जी श्रेणी दिली, १ वजा १/३ अधिक १/५ वजा १/७..., ती केरळात माधवाच्या (सुमारे १३४० ते १४२५) नावावर आहे, आणि तिची पूर्ण सिद्धता ज्येष्ठदेवाच्या "युक्तिभाषा" या साधारण १५३० च्या मल्याळम ग्रंथात आहे. त्यातही रेघेचे असंख्य तुकडे करून घातांच्या बेरजा घेतल्यात. त्या बेरजांना नाव आहे "संकलित". म्हणजे तिथेही बेरीजच, चौरस नाही.

आता माझं मत सांगतो. न्यूटन-लायबनिट्झच्या यशाने एक घोटाळा केला. क्षेत्रफळ काढायची ती एक झकास पळवाट होती, उलट डेरिव्हेटिव्ह शोधा. पण पळवाट इतकी चांगली निघाली की तीच हमरस्ता झाली, आणि आपल्यासारख्या पोरांना इंटिग्रेशन म्हणजे "डेरिव्हेटिव्हच्या उलटं" एवढंच शिकवलं गेलं. बाय पार्ट्स, पार्शल फ्रॅक्शन्स, शेवटी प्लस सी. चार सेमिस्टर फॉर्म्युले घोकून पास झालेल्या कितीतरी जणांना "बरं, पण याचा अर्थ काय?" विचारलं की चेहरा कोरा. आणि पळवाट दरवेळी उघडी नसतेच. स्टॅटिस्टिक्समधला तो घंटेच्या आकाराचा वक्र घ्या, ई चा उणे क्ष-वर्ग घात. याचं उलट डेरिव्हेटिव्ह आपल्या ओळखीच्या फंक्शनांत लिहिताच येत नाही, हे लिऊव्हिलच्या १८३० च्या दशकातल्या कामातून सिद्ध होतं. म्हणून काय त्याखाली क्षेत्रफळ नाही? आहे की, धडधडीत आहे. मग ते काढायचं तर परत पट्ट्या पाडायला बसायचं. म्हणजे परत क्वाड्रेचर! म्हणूनच हा शब्द आकडेमोडीच्या दुनियेत टिकून राहिला.

आणि ती दुनियाही कमी रंगीत नाही. १६१३ मध्ये केप्लरचं दुसरं लग्न होतं, वाइनची पिंपं आणली, आणि दुकानदार भोकातून तिरकी काठी घालून पिंपात किती माल आहे ते सांगायला लागला. नवऱ्यामुलाला ते पटेना. त्याने १६१५ मध्ये पिंपांच्या घनफळावर आख्खं पुस्तक लिहिलं. आपण ज्याला सिम्पसन्स रूल म्हणून तोंडपाठ केलं त्याला जर्मन लोक आजही केप्लरचा पिंप-नियम म्हणतात.

मग १८१४ मध्ये गाउसने एक साधा प्रश्न विचारला. पट्ट्या पाडताना बिंदू सारख्या अंतरावरच का घ्यायचे? तेही मला निवडू द्या. उणे १ ते १ या पट्ट्यात नुसते दोनच बिंदू घ्या, पण टोकांना नाही, मध्यापासून ०.५७७३५ वर दोन्ही बाजूंना. तिथल्या दोन उंचींची बेरीज करा. क्ष-घन पर्यंतच्या कुठल्याही पॉलिनॉमिअलचं उत्तर तंतोतंत येतं. उदाहरणच घ्या, ई चा क्ष घात. खरं उत्तर २.३५०४. टोकांचे दोन बिंदू घेऊन ट्रॅपेझॉइडल केलं तर ३.०८६२, तीन बिंदूंचा सिम्पसन २.३६२१, आणि गाउसचे दोन बिंदू २.३४२७. दोन बिंदूंत तिनांवर मात! सायपायचं "क्वाड" ज्या क्वाडपॅक या फोर्ट्रान लायब्ररीच्या रीतीने चालतं (तिचं पुस्तक १९८३ चं), तिथे साध्या मर्यादित इंटिग्रलला याच घराण्यातली २१ बिंदूंची रीत लागते, आणि फंक्शन जिथे जास्त उड्या मारतं तिथे ती आपोआप बारीक तुकडे पाडत जाते.

राहता राहिलं वर्तुळ. वर्तुळाचा चौरस घेऊन येणाऱ्यांना कंटाळून पॅरिसच्या ॲकॅडमीने १७७५ मध्ये ठरवलं की इथून पुढे असली सिद्धता तपासणार नाही. १८८२ मध्ये लिंडेमानने पाय हा कुठल्याही पूर्णांकी सहगुणकांच्या पॉलिनॉमिअलचं मूळ असू शकत नाही हे सिद्ध केलं. पट्टी-कंपासने ज्या लांब्या मिळतात त्या सगळ्या अशी मुळं असतात, त्यामुळे पायच्या वर्गमुळाएवढी बाजू काढणं अशक्य. विषय बंद. तरी १८९७ मध्ये अमेरिकेत इंडियाना राज्याच्या कनिष्ठ सभागृहाने एका डॉक्टरने केलेलं वर्तुळाचं क्वाड्रेचर मान्य करणारं विधेयक ६७ विरुद्ध ० मतांनी मंजूर केलं! योगायोगाने गणिताचे एक प्रोफेसर दुसऱ्या कामासाठी तिथे आले होते, त्यांनी सिनेटच्या सभासदांची शिकवणी घेतली आणि ते विधेयक बारगळलं.

आणि १९१३ मध्ये जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीत एक अगदी छोटं टिपण आलं, शीर्षक "वर्तुळाचा चौरस करणं". (ही संस्था १९०७ मध्ये व्ही. रामस्वामी अय्यर यांनी सुरू केली, आणि तिचं ग्रंथालय तेव्हा आपल्या फर्ग्युसन कॉलेजात होतं.) लेखक श्रीनिवास रामानुजन, ज्याने त्याच वर्षी जानेवारीत हार्डीला पहिलं पत्र पाठवलं होतं. अशक्य ते केल्याचा दावा त्यात नाही. पायऐवजी ३५५/११३ घेऊन पट्टी-कंपासने चौरसाची बाजू कशी काढायची एवढंच दिलंय. आणि खाली एक टीप: वर्तुळाचं क्षेत्रफळ १ लाख ४० हजार चौरस मैल असेल, तर बाजू खऱ्यापेक्षा साधारण एक इंच जास्त येईल. मी हिशोब करून बघितला. आख्ख्या महाराष्ट्राचं क्षेत्रफळ १ लाख १९ हजार चौरस मैलांच्या आसपास आहे, म्हणजे हे वर्तुळ महाराष्ट्राहून मोठं. त्याच्या चौरसाची बाजू होते ३७४ मैल, आणि चूक खरोखरच एक इंच.